योग आणि ख्रिस्ती प्रार्थना : सोळाव्या परिच्छेदाचे भाष्य

अभ्यासका, नांदेड-लातूरच्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न आता दारात येऊन उभा आहे. २१ जून २०१९ रोजी नांदेडला योगदिनाचा मोठा कार्यक्रम झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि बाबा रामदेव यांनी तिथे जनसमुदायासोबत आसने केली. आता दरवर्षी त्या सकाळी शाळांच्या मैदानांवर सतरंज्या पडतात, आणि त्यांवर आपलीही लेकरे बसतात. घरी आल्यावर ती विचारतात, हे आपल्याला चालते का? आईवडील पाळकांना विचारतात, कुणी धर्मगुरूंना. उत्तरे वेगवेगळी मिळतात, आणि बहुतेक उत्तरे घाईची असतात. म्हणून मी तुला उत्तर न देता एक मजकूर देतो. तो नीट वाचला तर उत्तर त्यातच आहे.

मजकूर असा. १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, म्हणजे आविलाच्या संत तेरेजाच्या सणाला, व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धान्त मंडळाने जगभरच्या कॅथलिक बिशपांना ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र लिहिले. खाली सही कार्डिनल जोसेफ रात्झिंगर यांची. तेच २००५ साली पोप बेनेडिक्ट झाले. पत्रात एकतीस परिच्छेद आहेत. आपला प्रश्न सोळाव्यात आहे. तू कॅथलिक नसशील तर हे पत्र तुला बांधत नाही. पण त्यातला विचार सर्व ख्रिस्ती मंडळ्यांना लागू पडणारा आहे, म्हणून आदराने वाच. मी एकेका वाक्याचा आशय माझ्या मराठीत मांडतो आणि त्याखाली भाष्य करतो.

पहिले वाक्य : ज्या थोर धर्मांनी प्रार्थनेतून देवाशी ऐक्य शोधले, त्यांपैकी बहुतेकांनी त्या ऐक्याकडे जाण्याच्या वाटाही दाखवल्या आहेत.

‘वाटा’ म्हणजे साधनमार्ग. बसावे कसे, श्वास कसा घ्यावा, मन कसे आवरावे, हे सारे त्यात आले. आता पहिली अडचण इथेच उभी राहते. वाक्य ‘देवाशी ऐक्य’ शोधणाऱ्या धर्मांविषयी बोलते. पतंजलीचा योग देवाशी ऐक्य शोधतो का? काटेकोर वाचले तर नाही. पतंजलीचे ध्येय कैवल्य आहे. म्हणजे पुरुष प्रकृतीपासून पूर्ण वेगळा होऊन आपल्या स्वरूपात राहणे. त्याच्या सूत्रांत ईश्वर आहे, पण तो क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श नसलेला एक विशेष पुरुष आहे. जगाचा निर्माता किंवा पापी माणसाला शोधत येणारा पिता म्हणून तो तिथे उभा नाही. ईश्वराला शरण जाणे हा तिथे समाधीचा एक उपाय आहे. याचा अर्थ, शब्दावर बोट ठेवले तर पातंजल योग या वाक्याबाहेर पडतो.

पण पत्राची पहिली तळटीप बघ. पौर्वात्य पद्धती म्हणजे काय हे सांगताना ती झेन आणि भावातीत ध्यान यांच्यासोबत योगाचे नाव घेते. म्हणजे लिहिणाऱ्यांनी योग डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिले आहे. म्हणून दुसरे वाचन ग्राह्य : योग या परिच्छेदात येतो. मात्र पहिल्या वाचनाने दाखवलेले अंतर विसरायचे नाही. योगाचे ध्येय आणि ख्रिस्ती प्रार्थनेचे ध्येय एकच आहे, असे हे वाक्य म्हणत नाही. ते फक्त वाटांविषयी बोलते.

दुसरे वाक्य : त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, त्याचप्रमाणे या वाटाही, केवळ ख्रिस्ती नाहीत एवढ्यावरून, तडकाफडकी नाकारू नयेत.

पूर्वार्ध दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेच्या दुसऱ्या कलमातून तो घेतला आहे. म्हणजे पत्र नवे औदार्य दाखवत नाही, ठरलेल्या भूमिकेवरच उभे राहते.

वाक्याचा भार ‘केवळ’ या शब्दावर आहे. याचा अर्थ, आसन हिंदू परंपरेतून आले हे त्याला नाकारायला पुरेसे कारण नाही. तसेच याचा अर्थ असाही, की दुसरे पुरेसे कारण असू शकते आणि ते सापडले तर नाकारायला मोकळीक आहे. हे दोन्ही अर्थ एकत्र धर. एकच धरणारे दोन्ही बाजूंना आहेत. रोमचे नामवंत भूतनिवारक धर्मगुरू गाब्रिएले आमोर्थ यांनी २०११ साली योग सैतानी असल्याचे जाहीर म्हटले. ते मत त्यांचे. हे पत्र तसे कुठेही म्हणत नाही. उलट बाजूला असे लोक आहेत जे म्हणतात, चर्चने योगाला मान्यता दिली आहे, विषय संपला. तेही या वाक्यात नाही. न नाकारणे आणि स्वीकारणे यांच्यामध्ये पुढचे वाक्य आहे.

तिसरे वाक्य : उलट, त्यांतून उपयोगी ते घेता येते, मात्र ख्रिस्ती प्रार्थनेची कल्पना, तिची संगती आणि तिच्या अपेक्षा कधीही झाकोळता कामा नयेत.

सगळा परिच्छेद या वाक्यावर तोलला आहे. सावकाश जाऊ.

‘उपयोगी’ कशाला? गुडघ्याला की प्रार्थनेला? पत्राचा विषय ध्यान आणि प्रार्थना आहे. म्हणून उपयोग म्हणजे प्रार्थनेला उपयोग. कंबरदुखीसाठी भुजंगासन करणाऱ्याविषयी पत्र गप्प आहे. या गप्प राहण्याचा अर्थ मनाई असा होत नाही. शरीर देवाने दिले आहे आणि त्याची काळजी घेणे यात वाद नाही. हेही ध्यानात घे, की पतंजलीच्या दोनशेला थोडी कमी असलेल्या सूत्रांत आसनाला अवघी तीन सूत्रे आहेत, आणि ती सांगतात स्थिर, सुखाने बसण्याविषयी. आज मैदानावर दिसते त्या व्यायामाच्या रूपाला आपल्याच मराठी मुलखात बरेचसे वळण मिळाले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. मात्र यावरून ‘योग म्हणजे नुसती कसरत’ असे म्हणू नकोस. ज्या शेजाऱ्याला योग ही साधना आहे, त्याच्या साधनेला कसरत म्हणणे हा त्याचा अपमान आहे आणि असत्यही आहे. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचा धर्म लहान करायचा नाही.

‘प्रार्थनेची कल्पना’ म्हणजे काय? ते तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथे आशय असा, की ख्रिस्ती प्रार्थना हा माणूस आणि देव यांच्यातला वैयक्तिक, अंतरीचा संवाद आहे, आणि व्यक्तीशून्य तंत्रापासून किंवा स्वतःतच गुंतून राहण्यापासून ती दूर राहते. संवाद म्हणजे दोघे हवेत. एक बोलतो, दुसरा ऐकतो, मग उलट. डोळे मिटून मन रिकामे झाले आणि समोर कुणीच नसेल, तर ती शांतता असेल, विश्रांती असेल, पण या मजकुराच्या अर्थाने प्रार्थना नव्हे.

‘संगती’ म्हणजे प्रार्थनेच्या आत कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीमागून येते तो क्रम. ख्रिस्ती प्रार्थनेत पहिले पाऊल देवाचे असते, माणूस प्रतिसाद देतो. तंत्रात पहिले पाऊल माझे असते आणि फळ माझ्या अभ्यासाचे असते. म्हणून पत्राचा शेवटचा परिच्छेद सांगतो, की देवाचे प्रेम कोणत्याही पद्धतीने किंवा तंत्राने काबीज करता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०१५ मधल्या एका प्रवचनात हाच धागा ओढला : धर्मशिक्षणाचे, योगाचे, झेनचे हजार वर्ग केले तरी देवाच्या लेकराचे स्वातंत्र्य त्यांतून मिळत नाही. लक्षात घे, त्यांनी योगासोबत धर्मशिक्षणाचे वर्गही मोजले. म्हणजे दोष योगाचा नाही, तंत्रावर भिस्त ठेवण्याचा आहे.

इथे मराठी वाचकाला एक सोय आहे, जी युरोपातल्या वाचकाला नाही. हा वाद आपल्या संतांनी आधीच घातला आहे. ज्ञानेश्वर नाथपरंपरेतले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन इतके सविस्तर आहे, की अभ्यासक आजही तिथे थबकतात. पण त्यांच्याच नावाच्या हरिपाठात भावाशिवाय योग-याग ही नुसती उपाधी ठरते आणि नाम पुढे येते. नांदेडच्या शेजारी हिंगोली जिल्ह्यात नरसी हे गाव नामदेवांचे मानले जाते. नामदेवांची सगळी वाणी कुणाशी तरी बोललेली आहे. तिथे ‘मी’ आहे आणि ‘तू’ आहे. वारकऱ्याची श्रद्धा आणि ख्रिस्ती श्रद्धा एक नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि ते मी झाकत नाही. पण देव तंत्राने हाती येतो की प्रेमाने भेटतो, हा प्रश्न आपल्या मातीला परका नाही. या वाक्याचा अर्थ लातूरच्या वारकरी म्हाताऱ्याला सांगितला तर तो पहिल्याच दमात समजेल.

‘अपेक्षा’ म्हणजे प्रार्थना माणसाकडून जे मागते ते : पश्चात्ताप, शेजाऱ्यावर प्रेम, मंडळीसोबत उपासना. पहिला जागतिक योगदिन २१ जून २०१५ रोजी झाला, तो रविवार होता. अनेक ख्रिस्ती लोकांनी तेव्हा नाराजी नोंदवली. २०२६ सालीही २१ जून रविवारी येतो. उपासनेची वेळ आणि मैदानाची वेळ एकच झाली तर काय करायचे, हे या शब्दातून सरळ निघते. उपासना आधी.

‘झाकोळता कामा नयेत’ हे क्रियापद नीट बघ. ‘नष्ट होता कामा नयेत’ असे म्हटलेले नाही. झाकोळ नकळत येतो. याचे उदाहरण आपल्याजवळचेच आहे. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो यांची साधना इन्स्टिट्यूट पुण्यात सुरू झाली आणि पुढे लोणावळ्याला गेली. १९७८ च्या ‘साधना’ या पुस्तकात त्यांनी पूर्वेकडच्या पद्धती ख्रिस्ती प्रार्थनेसाठी वापरल्या. हजारो धर्मगुरू आणि सिस्टर त्यांच्याकडे शिकले. १९८७ मध्ये ते वारले. २४ जून १९९८ रोजी याच मंडळाने, त्याच रात्झिंगर यांच्या सहीने, त्यांच्या लेखनाविषयी सूचना काढली. तिचा आशय असा, की सुरुवातीचे लेखन बहुतांशी ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत आहे, पण पुढे ते श्रद्धेच्या गाभ्यापासून दूर सरकत गेले आणि येशू हा अनेक गुरूंपैकी एक होऊन बसला. डिमेलोंचा आदर करणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांत आहे. त्यांनी अनेकांना प्रार्थनेला बसायला शिकवले. तरी या वाक्याचे उदाहरण म्हणून ही घटना तुला ठाऊक हवी : पहिल्या पुस्तकात उपयोगी ते घेतले गेले, पुढे झाकोळ आला, आणि दोहोंमध्ये कुठेही ठळक रेघ नव्हती.

चौथे वाक्य : हे वेचलेले तुकडे या सगळ्या संदर्भात घ्यावेत आणि नव्याने व्यक्त करावेत.

‘तुकडे’ म्हणजे पूर्ण दर्शन नव्हे. घ्यायचे ते सुटे घ्यायचे आणि आपल्या श्रद्धेच्या संपूर्ण चौकटीत बसवायचे. बाराव्या परिच्छेदात सरमिसळीचा धोका सांगितला आहे, त्याची ही दुसरी बाजू. सरमिसळ म्हणजे दोन श्रद्धा अशा कालवणे, की दोन्ही ओळखू येत नाहीत.

‘नव्याने व्यक्त करणे’ मराठी ख्रिस्ती माणसाला शिकवायला नको. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा त्यांनी ओवी घेतली आणि तीत ख्रिस्तचरित्र सांगितले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांत म्हटली जातात. मग आसन हे भजनासारखेच का मानू नये? इथे मला फरक दिसतो. भजन मुळातच कुणाला तरी उद्देशून असते. उद्देश बदलला की भजन ख्रिस्ती होते. आसन कुणालाच उद्देशून नसते. म्हणून ते आपोआप ख्रिस्ती होत नाही आणि आपोआप अख्रिस्तीही होत नाही. त्यामागे तू काय ठेवतोस त्यावर ते ठरते. टिळकांना भजन घेणे सोपे गेले, आपल्याला योग घेणे अवघड जाते, याचे कारण हे आहे. वाक्य सांगते ते काम आपल्याकडे अजून व्हायचे आहे.

मंत्राचे मात्र वेगळे. सूर्यनमस्कारासोबत सूर्याची बारा नावे घेऊन नमन केले जाते. तो नमनाचा शब्द आहे, उद्देश असलेला शब्द. पहिल्या आज्ञेनुसार ख्रिस्ती माणसाने तो उच्चारू नये. त्याच हालचाली मंत्राशिवाय केल्या तर? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा प्रश्न सोडवला आहे. बाजारातले मांस निःशंक खा, पण कुणी मुद्दाम सांगितले की हे वाहिलेले आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नको. तोच न्याय इथे लागतो. शिक्षक म्हणाले व्यायाम, तर व्यायाम. शिक्षक म्हणाले ही सूर्याची उपासना, तर नम्रपणे बाजूला हो. योगदिनाच्या शासकीय अभ्यासक्रमात सूर्यनमस्कार नाहीत, आणि ओंकाराची सक्ती नसल्याचे आयुष मंत्रालयाने २०१६ मध्ये सांगितले. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला संमतीशिवाय धार्मिक उपासनेला बसवता येत नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. विद्यार्थी अज्ञान असेल तर ही संमती पालकांची. हे ठाऊक ठेव, पण भांडायला वापरू नको. मुख्याध्यापकांना आधी जाऊन भेटलेले बरे.

पाचवे वाक्य : अशा गोष्टींत सर्वांत आधी सांगावी ती ही, की प्रार्थनेच्या जीवनात निष्णात असलेल्या गुरूला आणि त्याच्या उपदेशाला नम्रतेने स्वीकारावे.

हे वाक्य लोक वगळतात. पूर्वेकडून काय घ्यावे याची यादी करताना पत्र आसनाचे नाव घेत नाही, प्राणायामाचेही नाही. पहिले नाव घेते गुरुपरंपरेचे. आणि लगेच पुढे सांगते, की ख्रिस्ती अनुभवाला ही गोष्ट वाळवंटातल्या साधूंच्या काळापासून ठाऊक आहे. म्हणजे जे घ्यायचे ते आपल्याही घरात होते, आपण विसरलो होतो.

याचा अर्थ, व्हिडिओ पाहून प्राणायाम करणारा या वाक्याच्या कसोटीला उतरत नाही. मैदानावरचा योगशिक्षक चांगला असेल, त्याच्याकडून पाठीचा कणा सरळ ठेवायला शीक. पण प्रार्थनेचा गुरू तो नव्हे आणि तसा तो दावाही करत नाही. दोघे एकत्र आलेले बघायचे असतील तर मुंबईचे फादर जो परेरा यांचे काम बघ. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांकडे ते योग शिकले. १९८१ मध्ये बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून त्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले आणि व्यसनातून बाहेर येणाऱ्यांसाठी आसने वापरली. धर्मगुरूपण त्यांनी सोडले नाही.

परिच्छेदाचा शेवट असा, की प्रार्थनेचे जीवन हे पवित्र आत्म्याचे दान आहे आणि गुरू शिष्याला मनाला मन भिडवून त्यात नेतो. ‘दान’ म्हणजे कमाई नव्हे. तिसऱ्या वाक्यातल्या ‘संगती’चा अर्थ इथे पक्का होतो.

आता पुरवणी म्हणून अठ्ठाविसावा परिच्छेद. तो वगळून सोळावा वाचू नये. त्याचा आशय असा : काही शारीरिक अभ्यासांनी आपोआप शांत, सैल वाटते, कधी प्रकाशाचा किंवा उबेचा भास होतो. या संवेदना पवित्र आत्म्याचे सांत्वन समजणे ही मोठी चूक आहे. माणसाचे नैतिक जीवन तसे नसताना त्यांना गूढानुभव मानले तर मन दुभंगू शकते.

इथे कसोटी हाती लागते. आसनानंतर बरे वाटले, हा पुरावा नव्हे. घरी भावाशी अबोला तसाच आहे का, मजुराची मजुरी थकली आहे का, हे बघ. योगशास्त्रही यात मागे नाही. आसनाच्या आधी यम सांगितले आहेत : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. त्यांना वळसा घालून थेट आसनावर बसणारा पतंजलीचाही नाही आणि ख्रिस्ताचाही नाही.

आणि त्याच परिच्छेदाचा उत्तरार्धही वाच, कारण कडक वाचन करणारे तो सोडून देतात. आशय असा, की ख्रिस्ती पूर्वेकडून आणि थोर अख्रिस्ती धर्मांकडून आलेल्या ध्यानाच्या अस्सल पद्धती प्रार्थना करणाऱ्याला अंतरीच्या शांतीने देवासमोर यायला साहाय्य करू शकतात. ‘देवासमोर यायला’ म्हणजे दारापर्यंत. संत इग्नेशियसने सोळाव्या शतकात प्रत्येक श्वासासोबत प्रभूच्या प्रार्थनेचा एकेक शब्द म्हणण्याची पद्धत सांगितली होती, तीही याच जातीची. केरळच्या सिरो-मलबार चर्चच्या सिद्धान्त आयोगाने २०१८ मध्ये म्हटले, की योग हे ईश्वरानुभवाचे साधन मानता येत नाही. काहींना ते या पत्राच्या विरुद्ध वाटले. मला तसे दिसत नाही. दारापर्यंत नेणे वेगळे, दार उघडणे वेगळे.

तेव्हा, अभ्यासका, निर्णय असा. ख्रिस्ती माणसाने आसने करावीत, श्वासाचा अभ्यास करावा, त्यात पाप नाही. दुसऱ्या देवतेला नमन करणारा मंत्र म्हणू नये. योगाला प्रार्थनेच्या जागी बसवू नये, आणि ज्याला ती साधना आहे त्याच्यासमोर तिला हलके लेखू नये. ज्याच्या विवेकाला हे पटत नाही, त्याला मंडळीत कमी समजू नये, कारण पौलाचा न्याय त्याच्याही बाजूने आहे. आणि तू करणार असशील, तर सतरंजी गुंडाळण्याआधी प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हण, कुणाशी बोलतो आहेस ते ध्यानात ठेवून.